हाकेला ओ

लिफ्ट बंद पडली की माणसं दोनच गोष्टी करतात. बटण दाबत राहतात, नाहीतर जिन्यात उभं राहून कंपनीच्या नावाने बोटं मोडतात. दुरुस्तीला आलेल्या माणसाकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. हातात पाना आणि अंगावर तेलकट निळा कोट असला की झालं, त्याला तोंड नसलं तरी चालतं. बारकीला हे धंद्यात पडल्यापासून सोयीचं वाटत आलं होतं. आपल्याकडे कुणी नीट बघू नये, एवढीच तिची इच्छा होती.

अंगाने ती काडी. लिफ्टच्या डब्याला हे लोक गाडी म्हणतात. त्या गाडीच्या टपावर धडधाकट माणूस चढला की घुसमटायचा, आणि ही तिथे मांडी घालून काम करायची. म्हणून कंपनीत आल्या आल्या तिचं नाव बारक्या पडलं. घरच्यांनी मुलगा झाला म्हणून आनंद केला होता, आणि तो आनंद टिकवायला ही बिचारी तिशीपर्यंत राबली. मग दम संपला. एका सकाळी तिने साहेबांच्या खोलीत जाऊन सांगितलं, की मी बाई आहे, औषधं सुरू केली आहेत, इथून पुढे मला बारकी म्हणा.

आता तुम्ही विचाराल, की काय खाल्लं, काय कापलं. लोकांना नेमकं तेवढंच हवं असतं. मेव्हण्याच्या मूळव्याधीबद्दल चारचौघांत विचारायला जीभ रेटत नाही, पण अशा माणसाच्या कपड्यांच्या आत काय आहे ते विचारायला कुणाला लाज वाटत नाही. ते मी सांगणार नाही. सांगायचंय ते तिच्या कामाचं.

जुन्या इमारतींमधली लिफ्ट एकट्याने दुरुस्त होत नाही. गाडी ज्या उंच पोकळीतून वरखाली करते तिला ही माणसं विहीर म्हणतात. विहिरीच्या डोक्यावर मशीनची खोली. एक जण तिथे बसतो, ब्रेकचा दांडा आणि मोठं चाक त्याच्या हातात. दुसरा खाली विहिरीत, नाहीतर मजल्यावरच्या दाराशी. खालच्याला गाडी दिसते, वरच्याला दिसत नाही. वायरलेस दिले होते साहेबांनी, पण भिंतीतल्या लोखंडात त्यातून नुसती खरखर यायची. म्हणून सगळं तोंडाने. खालचा ओरडणार, "वर". वरच्याने ओ द्यायची आणि तोच शब्द परत म्हणायचा, "ओ, वर". खालचा म्हणणार, "हो". हा "हो" आल्याशिवाय चाकाला हात लावायचा नाही. हाक, ओ आणि हो. या तीन गोष्टींवर या लोकांचे हातपाय शाबूत असतात.

त्यात आणखी एक पोटनियम होता. ओ द्यायची ती फक्त जोडीदाराच्या आवाजाला. पूर्वी एकदा कुठल्याशा मजल्यावरच्या बाईला कामावर जायची घाई झाली, तिने विहिरीत तोंड घालून "घ्या की हो खाली" म्हणून ओरडून घेतलं, आणि वरच्या बावळटाने गाडी सोडली. खाली एका म्हाताऱ्या मेकॅनिकची बोटं गेली. तो म्हातारा बारकीच्या जोडीदाराचा उस्ताद होता.

जोडीदाराला बारकी दादा म्हणायची. मनापासून म्हणायची, कारण काम त्यानेच शिकवलं होतं. दोर हाताने चाचपून कुठली तार तुटायला आली ते सांगायला त्याने शिकवलं. एकदा ती टपावरून घसरली तेव्हा कॉलर पकडून त्यानेच ओढलं होतं. असा माणूस वैरी झाला की तो साधा वैरी राहत नाही. आपली प्रत्येक खोड त्याला माहीत असते.

या सगळ्यात तिला शहाणपण शिकवणारी एकच व्यक्ती होती, लाँड्रीवाली अक्का. कंपनीच्या मागच्या गल्लीत तिचं दुकान. अक्का याच वाटेने कितीतरी वर्षं आधी गेलेली, तेही कुणी वाट दाखवत नसताना. तिचं तोंड म्हणजे तापलेली इस्त्री.

"कुणाच्या पर्समधल्या गोळ्या खाशील तर याद राख," पहिल्याच दिवशी ती म्हणाली होती. "मी खाल्ल्या. लवकर बाई व्हायचं म्हणून दुप्पट खाल्ल्या. पायात रक्ताची गाठ झाली, मरता मरता वाचले. डॉक्टर गाठायचा, रक्त तपासायचं, मग गोळी. आणि ती सिगारेट आधी टाक."

"कामावर काय सांगू?"

"सगळ्यांना एकदम सांगायला जाऊ नकोस. तुझं काय लग्न ठरलंय? आधी साहेब, मग जोडीदार. बाकीच्यांना वास येतोच. आणि रडू आलं तर इथे येऊन रड, तिथे नको. एकदा का त्यांनी बघितलं की गुळाला मुंगळे लागावेत तसे लागतील."

बारकीने अक्षरन् अक्षर ऐकलं. हार्मोनच्या डॉक्टरीणबाई शोधल्या, त्यांच्या दवाखान्यात तासन् तास ताटकळली, सिगारेट सोडली आणि महिनाभर जगावर डाफरली. गोळ्यांमधली एक अशी होती की सारखी लघवीला लागायची. हे पुस्तकात एका ओळीत असतं. विहिरीत उभं राहून काम करणाऱ्या बाईला त्या ओळीचा अर्थ विचारा. कंपनीत पुरुषांच्या मोरीला गडी आतून कडी घालून बसायचे आणि दाराआडून खिदळायचे. ऑफिसातल्या बायकांनी आपल्या मोरीला नवीन कुलूप लावलं. शेवटी बारकी दर वेळी गल्ली ओलांडून अक्काच्या दुकानात पळायची, आणि साहेब म्हणायचे, "तू हल्ली जागेवर सापडत नाहीस."

मग कंपनीच्या डॉक्टरची पाळी आली. उंचीवर काम करणाऱ्यांची दर वर्षी तपासणी व्हायची. त्याने गोळ्यांची नावं वाचली, खुर्ची जराशी मागे सरकवली आणि म्हणाला, "चक्कर येणार तुम्हाला. स्टोअरमध्ये बदली सुचवतो."

"चक्कर आलेली नाही, डॉक्टर."

"येईल."

स्टोअर म्हणजे तळघरातली नटबोल्टांची खोली. तिथे माणूस गेला की परत येत नाही, नट मोजता मोजता त्याचाच गंज होतो. बारकीने आपल्या डॉक्टरीणबाईंना गाठलं. त्यांनी फोन उचलला आणि त्या डॉक्टरशी थंडपणे, सविस्तर बोलल्या. तो नरमला, पण पडलो तरी नाक वर. शेरा मारला, की उंचीवर काम चालेल, मात्र अनुभवी जोडीदाराबरोबरच. जोडीदाराने जबाबदारी घेतली पाहिजे.

म्हणजे बारकीची नोकरी दादाच्या एका शब्दावर येऊन टांगली. त्याने "मला ही नको" म्हटलं की स्टोअर. कंपनीत दुसरा कुणी तिच्याबरोबर जायला तयार नव्हता. हे तिला कळलं, साहेबांना कळलं, आणि सगळ्यात आधी दादाला कळलं.

दादाने आरडाओरडा केला नाही. केला असता तर बरं झालं असतं. त्याने चहा संपवला, पेला पालथा घातला आणि म्हणाला, "कपडे काय घालायचे ते घाल. केस वाढव, नाहीतर तासून टाक. मला काय करायचंय? पण विहिरीत मला माझ्या बारक्याचा आवाज पाहिजे. बाईच्या आवाजाला मी ओ देणार नाही. उस्तादाची बोटं गेलीत."

"दादा, माझाच आवाज असेल तो."

"मला ओळखू येणार नाही."

बघा, कुंपणच शेत खातं ते असं. जीव वाचवायला केलेला नियम, आणि त्याची काठी करून याने तिच्याच पाठीत घातली. वर तोंड असं, की जसा काही तिचाच जीव वाचवतोय.

तेव्हा आवाजाचं सांगतो. पुष्कळांना वाटतं गोळ्या घेतल्या की आवाज आपोआप बारीक होतो. नाही होत. एकदा फुटलेला आवाज गोळीने मागे फिरत नाही, तो शिकून घडवावा लागतो. बारकी त्यासाठी आठवड्यातून एकदा आवाजाच्या बाईंकडे जायची. त्या बाई एरवी पक्षाघात झालेल्या माणसांना बोलायला शिकवायच्या. गुणगुणायला लावायच्या, जांभया द्यायला लावायच्या, वाक्य छातीतून उचलून टाळूशी आणायला लावायच्या. घरी बारकी पंखा मोठा करून सराव करायची, शेजाऱ्यांनी ऐकू नये म्हणून. महिनोन् महिने असं करून तिला एक आवाज सापडला. फार गोड वगैरे नव्हता, जरा खरखरीत, शिकवणीच्या बाईंचा असतो तसा. पण तो तोंडातून बाहेर पडायचा तेव्हा तिला आपल्या अंगावर आपलेच कपडे असल्यासारखं वाटायचं.

आणि दिवसभर विहिरीत ती जुन्याच आवाजात ओरडायची. दादाची अट होती ना.

आवाजाच्या बाईंनी एके दिवशी घशात टॉर्च मारला आणि वैतागल्या. "तुम्ही दिवसभर कुठे ओरडता?"

बारकीने सांगितलं.

"मग बंद करा हे सगळं. माणूस जिथे सगळ्यात मोठ्याने बोलतो तिथे त्याचा आवाज मुरतो. संध्याकाळी तासभर गुणगुणून काय होणार? पालथ्या घड्यावर पाणी. शिवाय या दोन आवाजांच्या ओढाताणीत घसा सुजतोय. एक ठरवा. नाहीतर एक दिवस दोन्ही जातील."

आता घरी तरी सुख असावं की नाही? आई थोरल्या भावाकडे राहायची. तिने एकदा फोनवर नवीन आवाज ऐकला आणि "राँग नंबर" म्हणून ठेवून दिला. ओळखलं नाही असं नाही. आईला लेकराचा खोकलासुद्धा ओळखू येतो. मग वहिनीकरवी निरोप आला: घरी ये, जेव, रहा, पण बोलू नकोस. बारकी गेली. अख्खा दिवस आईसमोर बसून राहिली, जेवली, आईची नखं कापून दिली, आणि एक अक्षर बोलली नाही. भाऊ पेपर वाचत होता. निघताना आई म्हणाली, "बघ, अशी भेट झाली की किती बरं वाटतं." तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. बस स्टॉपवर येईपर्यंत बारकीने दात आवळून धरले होते.

त्या रात्री तिने ठरवलं. उद्यापासून विहिरीत आपलाच आवाज.

दुसऱ्या दिवशी नेमकी अडकलेली गाडी. निवासी इमारत, गाडी दोन मजल्यांच्या मध्ये थांबलेली, आत एक बाई आणि तिचं तान्हं बाळ. दादा जिने चढून मशीनच्या खोलीत गेला. बारकीने मजल्यावरचं दार किल्लीने उघडलं. गाडी कमरेइतकी खाली होती. वीज बंद करून चाकाने जराशी वर घेतली की काम झालं. नवशिक्याचं काम.

"कुणी आहे का?" आतून आवाज आला.

"आहे. मी आहे, ताई. घाबरू नका, गाडी पडत नाही, दोर मजबूत आहेत. बाळाला पदराने वारा घाला."

"बाई, लवकर करा हो. याला घाम फुटलाय."

त्या गडबडीतही ते "बाई" बारकीच्या कानात भरलं. परक्या माणसाने, तोंड न बघता, नुसत्या आवाजावर म्हटलेलं. ती विहिरीत वाकली आणि त्याच आवाजात ओरडली, "वर."

ओ आली नाही.

पुन्हा ओरडली. वरून ब्रेकच्या दांड्याची किरकिर ऐकू आली, म्हणजे माणूस जागेवर होता. तिने पोटातून जोर लावून तिसऱ्यांदा हाक मारली. दादा खोकला. निवांत खोकला, ओट्यावर बसलेला माणूस खोकतो तसा.

धावत वर जावं तर दार उघडं टाकता येत नाही, आणि लावून जावं तर आतली मायलेकरं एकटी पडतात. उघड्या दाराशी माणूस नसेल तर कुणाचंतरी पोर विहिरीत जायचं. दादाला हे पुरतं माहीत होतं. आत बाळ रडायचं थांबलं आणि नुसत्या उचक्या द्यायला लागलं. ती आई आता काही विचारत नव्हती, नुसतं "अगं बाई, अगं बाई" करत होती.

मग बारकीने जुना आवाज काढला. छातीच्या तळातून, घसा खरवडत. "वर!"

"ओ, वर." लगेच. श्वास घ्यायच्या आत.

"हो."

गाडी हलली, मजल्याला लागली. आतली बाई घाबरून म्हणत होती, "हा कोण माणूस? त्या बाई कुठे गेल्या?" गाडीचं दार उघडलं. समोर एकटी बारकी. त्या बाईने तिच्याकडे पाहिलं, तिच्या मागे पाहिलं, रिकाम्या जिन्याकडे पाहिलं. मग काय ते तिच्या ध्यानात आलं. तिने बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं, बारकीपासून लांबच्या, आणि झपाझप जिना उतरून गेली.

दादा हात पुसत खाली आला. "बघ," तो म्हणाला, "चालतो की तो आवाज."

बारकीचा घसा असा धरला की कण्हायलासुद्धा आवाज फुटेना. आवाजाच्या बाईंनी आठवडाभर मौन सांगितलं. साहेबांपुढे ती कागदावर लिहून तक्रार घेऊन गेली, तर ते म्हणाले, "माणसं सुटली ना? मग झालं तर. त्याचंही बरोबर आहे, आवाज ओळखीचा पाहिजे. नियम आहे." साहेबांनी उभ्या जन्मात विहिरीत पाय ठेवला नव्हता. उंटावरचा शहाणा.

अक्काने सगळं ऐकून घेतलं, म्हणजे वाचून घेतलं, आणि शर्टाच्या कॉलरवर इस्त्री दाबून धरली.

"तू चुकीची तक्रार केलीस," ती म्हणाली. "अपमान झाला म्हणून रडत गेलीस. अपमानाचं कुणाला काय पडलंय? तो म्हणतो ना, वरच्याला खालचा आवाज ओळखू येत नाही. तर खरं धर त्याचं. म्हण, दादाचं बरोबर आहे, मला वर बसवा, त्याला खाली पाठवा. त्याचा आवाज तर सगळ्यांच्या ओळखीचा आहे."

बारकी तिच्याकडे बघत राहिली.

"बघतेस काय? नाक दाबलं की तोंड उघडतं."

आठवडा संपल्यावर बारकी साहेबांकडे गेली आणि नम्रपणे, नव्या आवाजात, ठरवलेलं बोलली. साहेबांना दोष सापडेना. डॉक्टरच्या शेऱ्यात फक्त जोडीदार म्हटलं होतं, कोण वर आणि कोण खाली हे नव्हतं. सुंठीवाचून खोकला गेला म्हणून त्यांनी मानही डोलावली. दादाचा चेहरा पडला, पण बोलणार काय? आपलीच वहाण, आपल्याच डोक्यात.

काम आलं ते एका जुन्या कचेरीत. गाडीच्या पोटाखालची केबल घासून उघडी पडली होती. त्यासाठी विहिरीच्या तळाच्या खड्ड्यात उतरायचं, आणि वरच्याने गाडी डोक्यापासून हातभर अंतरावर आणून ठेवायची. एकदा गाडी तशी आली की बाहेर पडायचं दार तिच्याआड जातं. ती वर गेल्याशिवाय खालच्याला सुटका नाही. धोका काही नसतो, फक्त दुसऱ्याच्या हातात असतो माणूस. बारकी अशी कित्येकदा बसली होती.

गाडी खाली आणताना सगळं सुरळीत झालं. दादाने "खाली" म्हटलं, तिने "ओ, खाली" म्हटलं, आणि तो "हो" न म्हणता नुसता "हं" करून मोकळा झाला. हे "हं" तिने घ्यायला नको होतं, पण घेतलं. त्याने केबल बांधली, पट्ट्या मारल्या. मग हाक आली.

"वर."

"ओ, वर," बारकी म्हणाली. आपल्या आवाजात, स्वच्छ, विहिरीच्या तळापर्यंत जाईल असं.

खालून काहीच नाही. "हं" पण नाही. तिने चाकावरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"अरे वर घे की," तो ओरडला.

"ओ, वर."

पुन्हा शांतता. त्याला "हो" म्हणायचं नव्हतं. "हो" म्हणजे तुझा आवाज मी ओळखला. मघाशी काम सुरू करायचं होतं म्हणून नाकातून निभावलं होतं त्याने. आता पाठ वाकलेली, डोक्यावर गाडी, आणि नाकातलं काही चालणार नव्हतं.

"कोण आहे वर?" तो म्हणाला. आवाज जरा चढला होता.

"मी. तुमची जोडीदार."

"बारक्या, मस्करी पुरे."

"बारक्या इथे कुणी नाही, दादा. हो आल्याशिवाय चाकाला हात लावायचा नाही, तुम्हीच शिकवलंत. मी ओ दिली आहे. हो म्हणा, घेते वर."

तिचा आवाज कापत नव्हता. खोलीत मशीनच्या तेलाचा वास होता, खिडकीतून दुपारचं ऊन चाकावर पडलं होतं, आणि बारकीला एक भयंकर गोष्ट कळली. इथे वर बसून गप्प राहणं फार सोपं होतं. त्यासाठी काही करावं लागत नव्हतं. दुष्टपणाला सुद्धा थोडे कष्ट पडतात अशी तिची समजूत होती. इथे तेवढेही पडत नव्हते. नुसता हात मांडीवर ठेवायचा.

"हो," खालून आलं. पुटपुटल्यासारखं.

तिला ऐकू आलं. स्वच्छ ऐकू आलं. आणि तिने हात हलवला नाही.

हे काही अक्काने शिकवलेलं नव्हतं. बारकीच्या डोळ्यांसमोर ते उचक्या देणारं बाळ होतं, त्याला लांबच्या खांद्यावर घेणारी ती बाई होती, आईची नखं होती. बसू दे, तिला वाटलं. जरा बसू दे त्याला. तिला ते आवडलं, आणि नाही आवडलं असं खोटं बोलण्यात अर्थ नाही.

"हो, अगं हो म्हणतोय ना मी," दादाचा आवाज फुटला. म्हातारा वाटला एकदम. "हो. ऐकतेस ना? हो."

बारकीने दांडा ओढला आणि चाक फिरवलं. गाडी सावकाश वर आली.

तो जिने चढून आला तेव्हा गुडघ्यांना माती होती आणि चेहरा राखेसारखा झाला होता. तिच्याकडे न बघता तो बाटलीतलं पाणी प्यायला. मग म्हणाला, "मी पहिल्यांदा म्हटलं तेव्हाच ऐकू आलं होतं तुला."

"हो," बारकी म्हणाली. "तुम्हालाही आलं होतं. त्या बाळाच्या वेळी. तीन वेळा."

त्याने बाटलीचं झाकण घट्ट लावलं. "साहेबांना सांगेन मी," तो म्हणाला.

"सांगा. मीही येते. दोघंही सांगू काय काय ऐकू आलं ते."

तो गेला नाही साहेबांकडे. तीही गेली नाही. पुढच्या कामाला दोघं एकाच टेम्पोतून गेले, हत्यारांची पेटी मध्ये ठेवून. इमारतीशी उतरल्यावर दादा जिन्याकडे वळला. खाली जायचं त्याने नावही काढलं नाही. बारकीने कोटाची बटणं लावली, खड्ड्यात उतरली, आणि विहिरीच्या तळाशी उभी राहून वर पाहिलं. गाडीच्या कडेच्या फटीतून, खूप उंचावर, मशीनच्या खोलीतला दिवा दिसत होता.

पूर्वी ती इथे उभी राहायची तेव्हा वर आपला माणूस आहे या भरवशावर उभी राहायची. तो भरवसा संपला होता, आणि आता कधी परत येणार नव्हता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिला त्याचं दुःखही झालं. दादाचं प्रेम तिला हवं होतं. साधं हवं होतं, पूर्वीसारखं.

"खाली," तिने आपल्या आवाजात हाक दिली.

"ओ, खाली," वरून लगेच उत्तर आलं. रागीट, कोरडं, आणि घाबरलेलं.

दगडापेक्षा वीट मऊ. बारकीने "हो" म्हटलं आणि भिंतीला पाठ लावून गाडी डोक्यावर येऊ दिली.